कागद आणि एक पिवळी भुकटी

१८५१ सालीं इंग्लंडांत बर्जेस व वॉट या दोघांनीं लांकूड दाहक सोड्यांत शिजवून त्यांतील लिग्निन नांवाचा चिकट बंध सोडविला, आणि चिंध्यांवर जगणाऱ्या कागदास अरण्य मोकळें झालें. परंतु स्प्रूस, चीड इत्यादि सूचिपर्णी वृक्षांचें मृदु लांकूड या उपायास सहज वश होईना. बंध सुटेपर्यंत तंतूच झिजत. १८७९ सालीं डान्झिग येथें डाल यानें सोड्याची तूट स्वस्त सोडियम सल्फेटानें भरून काढली. त्या गंधकाच्या योगानें कागद बळकट झाला, म्हणून त्यास जर्मन भाषेंतील 'क्राफ्ट', म्हणजे बळ, हें नांव मिळालें. गिरणीभोंवतालच्या वस्तीस मात्र कुजक्या अंड्यांचा दर्प मिळाला.

१९७७ सालीं कॅनडांतील होल्टन यानें अँथ्राक्विनोन ही पिवळी भुकटी पुढें आणली. मंजिष्ठेच्या युरोपीय भगिनीचा तांबडा रंग १८६८ सालीं प्रयोगशाळेंत सिद्ध झाला, तो हिच्यापासूनच. लांकडाच्या हजार भागांस हिचा एखादा भाग पुरतो. ती तंतूचें टोंक सांभाळते, लिग्निन तोडते, आणि मूळ रूपास येऊन पुन्हां त्याच कामास लागते. गंधकाची गरज त्यामुळें कमी झाली.

पण हिचा सूक्ष्म अंश कागदांत उरतो. ती कर्करोगास कारण होण्याचा संभव दिसल्यावर २०१३ सालीं जर्मनींतील सरकारी संस्थेनें अन्नाच्या वेष्टनासाठीं हिची शिफारस मागें घेतली.

प्रत्येक उपायाची परीक्षा आम्हीं तंतूवर केली. त्याचा खर्च मात्र एकदां हवेंत आणि एकदां अन्नाच्या वेष्टनांत निघाला. हिशेब कागदावर मांडणारांनीं कागदाचाही हिशेब पुरता मांडावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.