किल्ल्यात वस्तीला

एखाद्या किल्ल्याचं हॉटेल झालं की जाहिरातीतलं वाक्य ठरलेलं असतं: राजासारखे राहा. सोबत छत्रीच्या पलंगाचा फोटो, दारात फेटेवाला, आणि या थाटाला शोभेल असं भाडं. हे पाहून कुणालाही वाटेल की पैसे मोजून किल्ल्यात झोपायची रीत राजेरजवाड्यांनी सुरू केली असणार. पण तिचं कूळ शोधत मागे गेलं की मूळपुरुष निघतो प्राथमिक शाळेतला एक मास्तर. आणि त्याचे पाहुणे म्हणजे पायी भटकायला निघालेली, खिशात फारसे पैसे नसलेली पोरं.

त्याआधी किल्ल्यात बाहेरची माणसं झोपत नव्हती असं नाही. पण ती दोनच तऱ्हेची असत, धन्याच्या तोलामोलाचे पाहुणे आणि कैदी. भाडं दोघांनाही पडत नसे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत पडक्या किल्ल्यांचं वेड आलं. प्रशियाच्या राजघराण्याने ऱ्हाईनकाठचे राइनस्टाइन, श्टोल्त्सेनफेल्स असे किल्ले हौसेने पुन्हा उभे केले. कोब्लेंझच्या कार्ल बेडेकरची मार्गदर्शक पुस्तकं हातात घेऊन लोक ते बघायला येऊ लागले. दिवसा गड चढायचा, बुरुजावरून नदी बघायची आणि दिवेलागणीला खालच्या गावातल्या खानावळीत परतायचं. संध्याकाळनंतर किल्ला पुन्हा मालकाचा.

रिशार्ड शिरमान हा पूर्व प्रशियातला, 1874 चा जन्म. बापही शिक्षकच. 1901 मध्ये त्याची नेमणूक गेल्झेनकिर्शेनला झाली. रूरच्या खोऱ्यातलं हे कोळशाच्या खाणींचं गाव. वर्गातल्या पोरांनी धूर आणि धुरांडी याखेरीज फारसं काही पाहिलेलं नव्हतं. शिरमान त्यांना घेऊन रानात जाऊ लागला. भूगोल चालता चालता, वनस्पतिशास्त्र झाडाखाली. दोन वर्षांनी तो आल्टेनाला आला. हेही कामगारांचंच गाव. लेनं नदीच्या अरुंद खोऱ्यात वसलेलं आणि शतकानुशतकं लोखंडाची तार ओढण्यावर जगलेलं. गावाच्या डोक्यावर बाराव्या शतकातला किल्ला.

भटकायला जाणारी मुलं तेव्हा जर्मनीत कमी नव्हती. बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्समधून 1901 मध्ये ‘वान्डरफोगेल’ ही भटक्यांची चळवळ सुरू झाली होती. त्याच्याही आधी, 1884 पासून, बोहेमियातल्या होहेनएल्बं गावी गिडो रॉटर नावाच्या उद्योजकाने हिंडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फुकट मुक्कामाची सोय केलेली होती. पण ही सगळी सोय हायस्कूल आणि विद्यापीठाच्या पोरांची, म्हणजे वकील, डॉक्टर, अधिकाऱ्यांच्या मुलांची. प्राथमिक शाळा संपवून चौदाव्या वर्षी कारखान्यात जाणाऱ्या मुलांसाठी रात्रीचं छप्पर कुठेच नव्हतं. खानावळ परवडायची नाही आणि परक्याच्या गोठ्यात रोज कोण घेणार? त्यामुळे शिरमानच्या सहलींनाही दोरी बांधल्यासारखी हद्द होती. संध्याकाळी घरी पोचता येईल तेवढंच चालायचं.

ती दोरी तुटली 26 ऑगस्ट 1909 ला. शिरमान आपल्या पोरांना घेऊन आल्टेनाहून आखेनच्या दिशेने आठ दिवसांच्या पायी सहलीला निघाला होता. ब्रोल नावाच्या छोट्या नदीच्या खोऱ्यात वादळाने गाठलं. आसरा मिळाला एका खेड्यातल्या शाळेत, सुट्टी असल्यामुळे वर्ग रिकामा होता. बाकं भिंतीला सारली, एका शेतकऱ्याकडून झोपायला पेंढा आणि प्यायला दूध मिळालं. रात्रभर विजा कडाडत राहिल्या. पोरं गाढ झोपली आणि मास्तर जागा राहिला. ही हकीगत त्याने पुढे स्वतःच सांगितली आहे. त्या रात्री त्याच्या डोक्यात बेत आला तो असा: गावोगावी शाळा आहेत आणि सुट्टीत त्या ओस पडलेल्या असतात. एका दिवसाच्या चालीवर एक, अशा शाळा निवडायच्या, त्यात पेंढ्याच्या गाद्या टाकायच्या, की पोरांना अख्खा देश पायाखाली घालता येईल.

त्या बेतात किल्ला कुठेच नव्हता हे लक्षात घ्यायला हवं. 1910 मध्ये त्याने ‘क्योल्निशं त्साइटुंग’ या वर्तमानपत्रात लेख लिहिला तोही शाळकरी मुलांच्या निवाऱ्यांबद्दल. हिल्शेनबाखचा कारखानदार विल्हेल्म म्युन्कर तिथून पुढे त्याचा भिडू झाला. मास्तरने स्वप्न पाहायचं आणि म्युन्करने हिशेब, समित्या, पत्रव्यवहार सांभाळायचा, अशी ती जोडी जमली.

शाळेची अडचण एवढीच की सुट्टी संपली की निवाराही संपला. बारमाही जागा हवी होती, आणि ती नेमकी डोक्यावर उभी होती.

आल्टेनाच्या किल्ल्याला तोवर कुणी राजेशाही म्हटलं नसतं. मार्कच्या सरदारांचा मूळ गड, पण ते घराणं कधीच दुसरीकडे गेलेलं. प्रशियाच्या काळात तिथे शिबंदी राहिली, पुढे गरीबखाना झाला, तुरुंग झाला, एकोणिसाव्या शतकात बरीच वर्षं इस्पितळ होतं. तेही हललं तेव्हा उरले ते बरेचसे अवशेष. मार्कचा मुलूख ब्रान्डेनबुर्गकडे 1609 मध्ये आला होता. त्याला तीनशे वर्षं होत आली तेव्हा जिल्ह्याचा मुख्य अधिकारी फ्रिट्झ टोमे याने मनावर घेतलं की स्मारक म्हणून किल्लाच पुन्हा बांधायचा. वर्गण्या जमल्या आणि वादही पेटला. पडक्या वास्तूत कल्पनेने भर घालून ‘जुना’ किल्ला नव्याने उभारणं ही फसवणूक आहे, असं म्हणणारे जाणकार तेव्हाही होते. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण ती फसवणूक झाली नसती तर शिरमानच्या पोरांना छप्पर मिळालं नसतं, हेही खरं.

याच नव्याजुन्या किल्ल्यात टोमेने मास्तरला जागा दिली आणि 1912 मध्ये तिथे जगातलं पहिलं कायमचं यूथ होस्टेल सुरू झालं. त्या खोल्या आज संग्रहालय म्हणून जशाच्या तशा ठेवलेल्या आहेत, आणि राजासारखं राहण्याच्या कल्पनेला त्या चांगलाच उतारा आहेत. दगडी भिंती, बेताचा उजेड, आणि जाड लाकडाचे एकावर एक तीन मजली पलंग. वरच्या मजल्यावरचा मुलगा ताडकन उठून बसला तर कपाळमोक्ष ठरलेला. अंथरूण म्हणजे पेंढा भरलेली पोती. मुलांची झोपायची खोली वेगळी, मुलींची वेगळी. 1912 मध्ये कामगारांच्या मुलींनी घराबाहेर रात्र काढण्याची सोय करणं ही पेंढ्याच्या गादीपेक्षा फार मोठी गोष्ट होती. जोडीला स्वयंपाकाची आणि हातपाय धुण्याची जागा. नोकरचाकर कोणी नाही, आपलं आपण करायचं. आणि या सगळ्यावर देखरेखीला एक माणूस, होस्टेलचा ‘बाप’. पहिला बाप अर्थातच शिरमान.

पुढचा पसारा झपाट्याने वाढला. पहिल्या महायुद्धाने खंड पडला, पण 1919 नंतर म्युन्करच्या व्यवस्थेने जोर धरला आणि 1930 चं दशक उजाडेपर्यंत एकट्या जर्मनीत अशी होस्टेलं दोन हजारांवर गेली. त्यांतली बहुतेक साध्या इमारतींत होती, पण रिकामा किल्ला दिसला की त्यावर या मंडळींची नजर जायचीच. ऱ्हाईनवरच्या बाखाराखचा श्टालेक किल्ला सतराव्या शतकापासून पडका होता. तो 1920 च्या दशकात होस्टेलसाठीच पुन्हा उभा राहिला आणि आजही तिथे मुलं झोपतात. 1932 मध्ये ॲमस्टरडॅमला आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. लगेच 1933 मध्ये नाझींनी जर्मन होस्टेलं हिटलर यूथच्या ताब्यात दिली आणि शिरमानला बाजूला सारलं. तो 1961 पर्यंत जगला, म्हणजे आपली कल्पना युद्धातून तगून जगभर पसरलेली त्याला पाहता आली. इंग्लंडमध्ये सेंट ब्रियाव्हेल्सचा किल्ला 1948 पासून यूथ होस्टेल आहे. किंग जॉन शिकारीला येऊन जिथे उतरायचा आणि नंतर जिथे तुरुंग होता, तिथे पाठपिशवीवाले बंकवर झोपतात. पाहुणा आणि कैदी दोघांचीही जागा त्यांनीच घेतली म्हणायची.

घराण्याची दुसरी शाखा स्पेनची, आणि जाहिरातीतला थाट खरा तिच्यातून आला. पण तिथेही सुरुवात हॉटेलवाल्याने केली नाही, सरकारने केली. राजा तेराव्या आल्फोन्सोने 1911 मध्ये पर्यटनासाठी एक शाही आयुक्तालय काढलं आणि मार्केस दे ला वेगा-इन्क्लान यांना त्यावर बसवलं. हा गृहस्थ जुन्या वास्तूंचा दर्दी. तोलेदोचं एल ग्रेको संग्रहालय त्याचंच काम. त्याची अडचण सरळ होती. मोटारी आल्या, रस्ते होऊ लागले, पण मोठी शहरं सोडली तर परक्या माणसाला उतरायला धड जागा नाही. आडगावात खासगी हॉटेलवाला पैसा घालणार नाही. मग सरकारनेच घालायचा. पहिलं ‘पारादोर’, म्हणजे असं सरकारी हॉटेल, 1928 मध्ये ग्रेदोसच्या डोंगरात उघडलं. ती शिकारखान्याच्या धर्तीची नवी इमारत होती, किल्ला नव्हे. किल्ल्याचा नंबर लागला 1930 मध्ये, ओरोपेसाला, आणि पुढच्याच वर्षी सिउदाद रोद्रिगोच्या किल्ल्यात पारादोर झालं. हिशेब चोख होता: वास्तू पडत होती, तिची डागडुजी सरकारच्याच गळ्यात, तर मग तिने निदान भाडं तरी मिळवावं.

खरी भरती 1960 च्या दशकातली. फ्रँकोच्या राजवटीत मानुएल फ्रागा पर्यटनाचे मंत्री होते. उन्हातान्हाच्या शोधात युरोप स्पेनकडे लोटत होता आणि पारादोरांची संख्या दुपटीच्या घरात गेली. किल्ल्याचं हॉटेल करणं म्हणजे काय कटकट असते हे आलार्कोनला कळतं. खाली नदीचं वळण आणि वर उंच मनोरा. भिंती इतक्या जाड की खिडक्यांचे झरोकेच झाले आहेत. नळ, सांडपाणी, विजेच्या तारा या दगडातून काढायच्या म्हणजे प्रत्येक न्हाणीघर ही एक लढाई. एवढं करून खोल्या निघाल्या जेमतेम चौदा. असा धंदा कुणी खासगी माणूस करील? हाएनला वेगळी वाट काढली. डोंगरावरच्या सांता कातालिना किल्ल्याला लागून नवीच इमारत किल्ल्याच्या तोंडवळ्याची बांधली. फ्रान्सचे निवृत्त राष्ट्राध्यक्ष द गॉल 1970 मध्ये तिथे येऊन राहिले. राजकारण सोडलेल्या सेनापतीला किल्ला आवडावा यात नवल नाही, पण तो किल्ला पाच वर्षांचा होता.

तिसरी शाखा मालकांची, आणि ती सगळ्यात धाकटी. आपल्याकडे राजवाड्यांची हॉटेलं 1950 च्या दशकात सुरू झाली. जयपूरचं रामबाग आधी, मग 1963 मध्ये उदयपूरचा लेक पॅलेस. पण ते महाल, नांदते आणि सजलेले. 1971 मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले तसे लहान ठाकुरांनीही गढ्यांचे दरवाजे पाहुण्यांना उघडले. खऱ्या अर्थाने पडका किल्ला उचलला तो निमराणाला: 1464 चा चौहानांचा गड. 1986 मध्ये अमन नाथ आणि फ्रान्सिस वाक्झियार्ग यांनी तो घेतला आणि 1991 मध्ये मोजक्या खोल्यांनिशी उघडला. ‘राजासारखे राहा’ची भाषा आपल्या कानांवर पडली ती या शाखेकडून.

महाराष्ट्रात ही शाखा फारशी रुजली नाही आणि त्याला कारण आहे. राजस्थानात किल्ल्यांचे धनी किल्ल्यांत किंवा जवळपास राहत होते. इथले डोंगरी किल्ले 1818 नंतर इंग्रजांनी रिकामे केले, कित्येकांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. गडाला धनीच उरला नाही, तर पाहुणचार कोण करणार? सासवडजवळची 1710 ची जाधवगढी हॉटेल झाली, कारण ती घराण्याची गढी होती. गोव्याच्या उत्तर टोकाला खाडीच्या मुखाशी तेरेखोलचा कोट आहे. सावंतवाडीकरांकडून 1746 मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला, आत सेंट अँथनीचं चर्च. तिथेही हॉटेल निघालं, पण तो आकारानेच बेताचा.

उरलेल्या गडांवर मराठी माणूस राहत आला तो कुणालाही न विचारता. राजगडावर पद्मावतीच्या देवळात, हरिश्चंद्रगडावर लेण्यांत, सुधागडावर पंतसचिवांच्या वाड्यात पथाऱ्या पडत आल्या. टाक्यातलं पाणी, खालच्या वाडीतून आलेलं पिठलं-भाकरी, उशाला सॅक. शिरमान मास्तरला यात काहीच परकं वाटलं नसतं. फक्त संडास कुठे आहे आणि चाव्या कुणाकडे असतात, एवढं त्याने विचारलं असतं.

2019 च्या सप्टेंबरात राज्य सरकार पंचवीस किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देणार अशी बातमी आली आणि गदारोळ झाला. शिवकालीन किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला तातडीने करावा लागला. संताप समजण्यासारखा होता. पण त्या सगळ्या भांडणात किल्ल्यातला मुक्काम म्हणजे बडं हॉटेल असंच दोन्ही बाजूंनी धरलेलं होतं. गडाच्या पायथ्याशी किंवा माचीवरच्या एखाद्या साध्या इमारतीत शाळेच्या मुलांना परवडेल अशी वस्ती, धुवायला पाणी, आणि तिथेच राहणारा पगारी राखणदार, हा पर्याय निदान माझ्या तरी कानावर आला नाही.