व्हॅनचे मैल आणि एमओटीची नोंद

सेकंडहँड व्हॅन बघायला गेलात की विकणारा आधी इंजिन सुरू करून दाखवतो. बॉनेटला हात लावून बघा. तुम्ही यायच्या आधीच ते गरम करून ठेवलेलं असेल तर थंड इंजिनाची तक्रार तुमच्यापासून लपवलेली असू शकते. पण हे झालं नंतरचं. ब्रिटनमध्ये राहत असाल तर घरून निघण्याआधीच, सरकारी साइटवर नंबर प्लेट टाकून त्या गाडीचा एमओटीचा इतिहास वाचा. फुकट आहे. गंमत म्हणजे ही नोंद गिऱ्हाइकासाठी सुरूच झाली नव्हती.

एमओटी म्हणजे मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट. आता त्या नावाचं खातं उरलेलं नाही, चाचणीला मात्र नाव चिकटलं ते चिकटलंच. १९५६च्या कायद्याने तिची सोय केली आणि अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना, १९६०मध्ये ती सुरू झाली. दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग, एवढंच तपासायचं. पण इतक्या गाड्या नापास झाल्या की १९६१ संपेपर्यंत वयाची अट सातवर आली आणि १९६७ला तीनवर. पुढच्या वर्षी टायर आले, १९७७ला एक्झॉस्ट आणि गाडीचा सांगाडा. काळजी सगळी रस्त्यावरच्या माणसाच्या जिवाची. गाडी विकत घेणाऱ्याच्या खिशाचा यात विचारच नव्हता.

मीटरवरचा आकडा तपासनीस नुसता लिहून घेतो. त्याला पास-नापास नाही. कागदी सर्टिफिकेटच्या काळात ते कागद गाडीच्या खणात पडून असायचे, आणि नको असलेलं सर्टिफिकेट 'हरवणं' विकणाऱ्याला काही अवघड नव्हतं. मीटरही त्याच्या बाजूचे. बऱ्याच गाड्यांत पाचच आकडे, म्हणजे ९९,९९९ झाले की पुन्हा पाच शून्यं. ड्रिल लावून मागे फिरवायचे ते दिवस; आज लॅपटॉपची वायर जोडली की काम होतं. इथल्या कायद्याची एक गोष्ट ऐकून मला नवल वाटलं होतं: मीटर मागे नेणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही, ते लपवून गाडी विकणं हा गुन्हा. अमेरिकेत १९७२च्या संघीय कायद्याने मीटर फिरवण्यावरच बंदी घातली आणि १९८६च्या कायद्यानंतर विक्रीच्या वेळी तो आकडा टायटलवर येऊ लागला.

ब्रिटनमध्ये बदल झाला तो २००५ला, एमओटीची नोंद कॉम्प्युटरवर गेली तेव्हा. हेतू मुख्यतः चोरीच्या आणि खोट्या सर्टिफिकेटांना आळा घालण्याचा. पण त्यासोबत दरवर्षीचा मैलांचा आकडाही एका जागी जमा होऊ लागला, आणि तो हरवणं विकणाऱ्याच्या हातात राहिलं नाही.

आमच्या ढोलपथकाला व्हॅन हवी होती. दर गणपतीला भाड्याची गाडी घ्यायची, ढोल चढवताना तिला ओरखडा पडला की डिपॉझिट जायचं; सगळे वैतागले होते. सात वर्षांची एक पांढरी व्हॅन सापडली. मीटर ६१,०००, विकणारा बोलायला गोड. वर्गणी जमली, अॅडव्हान्स द्यायचा दिवसही ठरला. आदल्या रात्री पथकातल्या एकाने नंबर टाकला. पहिल्या एमओटीला, म्हणजे तिसऱ्या वर्षी ६८,२१४, चौथ्याला ९१,००३, पाचव्याला ४३,८७०. व्हॅन उलटी चालली होती म्हणायची! फोन केला तर विकणारा म्हणाला, "टायपिंगची चूक असेल." एका वर्षाचा आकडा घसरून पुढच्या वर्षी पूर्ववत झाला असता तर मानलंही असतं. इथे पाचव्या वर्षानंतरचे सगळे आकडे त्या खालच्या पायरीवरूनच चढत होते.

दुसरी व्हॅन बघितली तर तिच्याही नोंदीत खोट. ७४,३१०, मग ८,५१२, मग ९६,०४०. पोळलेले होतो, लगेच नाही म्हणणार होतो. पण नीट बघा: मधला आकडा चारच अंकी आहे. पाचवा अंक टाकायचा राहिला की असंच दिसणार. शिवाय २०२०च्या वसंतात एमओटी नव्हतीच. तेही निर्दोष, कारण ३० मार्चपासून जुलैअखेरपर्यंत मुदत संपणाऱ्या गाड्यांना सरकारने तेव्हा सहा महिने वाढवून दिले होते. म्हणजे प्रामाणिक गाडीवरही हीच नोंद आळ आणू शकते.

आणि जे त्या पानावर नाही, त्याचं काय? पहिली तीन वर्षं एमओटीच नसते. कुरिअरला लावलेली व्हॅन तेवढ्यात लाखभर मैल पळू शकते. पहिल्या चाचणीच्या आधीच मीटर मागे गेला तर पुढची सगळी वर्षं अगदी सुतासारखी सरळ दिसतील. तिथे सर्व्हिसची बिलंच कामाला येतात, आणि झिजलेलं पेडल, चकाकणारं स्टिअरिंग. ४०,००० मैलांच्या गाडीचं पेडल गुळगुळीत का असावं, हे विचारा.

मैलांपेक्षा मी अॅडव्हायजरी जास्त लक्ष देऊन वाचतो. पास करताना तपासनीस जे सांगून ठेवतो ते. 'टायर आतून झिजलाय' हे वाक्य सलग तीन वर्षं असेल, तर मालक फक्त पास होण्यापुरता खर्च करणारा आहे. २० मे २०१८पासून दोषांची धोकादायक, मोठे आणि किरकोळ अशी वर्गवारी झाली. धोकादायक दोष निघालेली गाडी दुरुस्तीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. असा दोष निघून दुसऱ्याच दिवशी गाडी पास झालेली दिसली, तर दुरुस्तीचं बिल मागा. विकणाऱ्याने लॉगबुक दाखवलं तर त्यावरचा अकरा अंकी नंबर टाका, चाचणी कुठल्या गॅरेजात झाली तेही कळतं.

दुसऱ्या व्हॅनच्या मालकाकडे बिलांची जाड फाइल होती. ८,५१२च्या आठवड्यातलंच एक बिल सापडलं, त्यावर मैल ८५,१२४. त्या व्हॅनमध्ये आता बारा ढोल, चार ताशे आणि एक ध्वज मावतो. ध्वजाची काठी मात्र खिडकीतून बाहेर येते.