युरोपीय महासंघ आणि अमेरिका : बरोबरी कुठे, परावलंबन कुठे

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोप सावरला तो अमेरिकेच्या मार्शल योजनेच्या मदतीने आणि १९४९ साली स्थापन झालेल्या ‘नाटो’ या लष्करी आघाडीच्या छत्राखाली. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शूमान यांनी फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीचे कोळसा व पोलाद उत्पादन एका सामाईक यंत्रणेकडे सोपवण्याची योजना मांडली. शस्त्रे ज्यापासून बनतात ते पोलादच सामाईक झाले, तर या दोन देशांत पुन्हा युद्ध पेटणार नाही, हा त्यामागचा विचार. १९५१ च्या पॅरिस कराराने सहा देश त्यात सामील झाले. १९५७ च्या रोम करारातून सामाईक बाजारपेठ आली आणि मास्ट्रिख्त करारानुसार १९९३ साली युरोपीय महासंघ अस्तित्वात आला. सोव्हिएत संघाला तोंड देण्यासाठी भक्कम युरोप हवा असल्याने अमेरिकेने या एकीकरणाला सुरुवातीपासून पाठबळ दिले होते.

सदस्य देशांनी व्यापार आणि स्पर्धाविषयक अधिकार ब्रुसेल्समधील युरोपीय आयोगाकडे दिले होते. त्यांची धार २००१ साली दिसली. जनरल इलेक्ट्रिक आणि हनीवेल या दोन अमेरिकी कंपन्यांच्या विलीनीकरणाला अमेरिकी सरकारने हिरवा कंदील दाखवला होता, तरी आयोगाने ते रोखले. २००२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आयात पोलादावर ३० टक्क्यांपर्यंत शुल्क लादले. महासंघाने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि प्रतिशुल्काची यादीही तयार ठेवली. त्या यादीत फ्लोरिडातील संत्र्यांचा रस होता. बुश यांना २००० ची अध्यक्षीय निवडणूक याच राज्यातील मतांनी जिंकून दिली होती. संघटनेचा निकाल विरोधात गेल्यावर बुश यांनी डिसेंबर २००३ मध्ये शुल्क मागे घेतले.

सैन्य आणि परराष्ट्र धोरण मात्र प्रत्येक देशाने स्वतःकडेच ठेवले. बोस्नियातले युद्ध युरोपच्या भूमीवरचे, पण १९९५ चा समझोता ठरला अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन येथे. २००३ च्या इराक युद्धाला फ्रान्स-जर्मनीने विरोध केला, तर ब्रिटन आणि स्पेन अमेरिकेच्या बाजूने उभे राहिले. अधिकार आणखी एकत्र करण्यालाही विरोध होता : २००५ साली फ्रान्स व नेदरलँड्समधील मतदारांनी युरोपीय राज्यघटनेचा मसुदा फेटाळला आणि २०२० साली ब्रिटन महासंघातून बाहेर पडला.

जिथे सदस्य देशांनी अधिकार एकत्र केले, तिथे युरोपने अमेरिकेला माघार घ्यायला लावली. जिथे ते राखून ठेवले, तिथे तो अमेरिकेवरच विसंबून राहिला.