वाय-फाय राउटर, घरगुती : जोडणी आणि मांडणी

घरात येणारी ब्रॉडबँडची एकच तार मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरे अशा अनेक उपकरणांना बिनतारी वाटून देणारे यंत्र. बोलण्यात ‘वायफायचा डबा’. तंत्रज्ञ येतो, तार ओढतो, डबा भिंतीला लावतो आणि तासाभरात निघून जातो. नेट सुरू झाले म्हणजे काम झाले, अशी घरच्यांची समजूत असते. पुढची चार-पाच वर्षे मागच्या खोलीत रेंज येईल की नाही आणि आपल्या जोडणीवर कोणी परका बसेल की नाही, हे मात्र दोनच गोष्टींवर ठरते: डबा कुठे ठेवला आणि पासवर्ड कोणता ठेवला. हे दोन्ही निर्णय घरातल्या माणसांचे आहेत. तंत्रज्ञाला त्याच दिवशी आणखी चार घरी जायचे असते.

वाय-फायचे पहिले मानक ८०२.११ हे १९९७ साली आले. त्याचा कमाल वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. १९९९ मध्ये ११, २००३ मध्ये ५४ मेगाबिट अशी वाढ होत गेली. आकडे-अक्षरांची ही नावे ग्राहकांच्या लक्षात राहत नाहीत म्हणून २०१८ मध्ये वाय-फाय अलायन्स या संस्थेने ‘वाय-फाय ४’, ‘५’, ‘६’ अशी सोपी नावे दिली. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तर ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये. ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याही बदलत गेली. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट हा किमान वेग होता, २०२३ मध्ये तो २ मेगाबिट झाला. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर चालणारे मोडेम आता मागे पडले असून शहरांत आणि अनेक गावांत काचतंतूची, म्हणजे फायबरची जोडणी रूढ आहे. ही नोंद मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

फायबरची बारीक तार खांबावरून किंवा इमारतीच्या डक्टमधून घरात येते. तिच्या टोकाला बहुधा हिरव्या रंगाचा चौकोनी कनेक्टर असतो. तो ज्या डब्यात जातो त्याला ओएनटी म्हणतात. बहुतेक घरांत ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. ही तार विजेच्या वायरीसारखी कोपऱ्यात दाबून वळवता येत नाही. तीव्र वळणावर प्रकाश काचेतून बाहेर निसटतो आणि जोडणी कमजोर होते. कपाट मागे सरकवताना तार चेपली आणि नेट गेले, हा प्रकार नेहमीचा. तारेतला प्रकाश अवरक्त असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही, तरी उघड्या टोकात डोकावून पाहू नये. तंत्रज्ञाकडे प्रकाश मोजायचे छोटे यंत्र असते. त्यावरचा आकडा घरच्यांनी विचारून लिहून ठेवावा. साधारण उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर जोडणी सुदृढ. उणे २७ च्या खाली घसरला तर बहुतेक ओएनटींना प्रकाश ओळखता येत नाही. पुढे नेट सतत तुटू लागले की तक्रार करताना हा जुना आकडा फार उपयोगी पडतो.

डब्यावरचे दिवे वाचायला शिकणे हे अर्धे दुरुस्तीकाम आहे. ‘पॉन’ दिवा स्थिर हिरवा असेल तर पुरवठादाराच्या यंत्राशी ओळखपाळख पूर्ण झालेली असते, लुकलुकत असेल तर ती चालू असते. ‘लॉस’ दिवा लाल झाला म्हणजे प्रकाशच पोहोचत नाही. अशा वेळी डबा दहादा बंद-चालू करून काही होत नाही, तार कुठेतरी तुटली किंवा निसटली आहे. पॉन हिरवा, लॉस विझलेला आणि तरी ‘इंटरनेट’ दिवा लाल, असे असेल तर तार ठीक आहे. दोष बहुधा खात्याच्या नाव-पासवर्डात, थकलेल्या बिलात किंवा पुरवठादाराच्या यंत्रणेत सापडतो.

डब्याची आतली पाने ब्राउझरमध्ये उघडतात. त्यासाठी १९२.१६८.१.१ किंवा त्याच्या जवळपासचा पत्ता टाकावा लागतो. तो डब्याखालच्या लेबलवर छापलेला असतो. बऱ्याच पुरवठादारांच्या जोडणीत पीपीपीओई नावाची पद्धत वापरतात आणि तिचे नाव-पासवर्ड तंत्रज्ञ स्वतःच भरून जातो. ते कागदावर मागून घ्यावेत, कारण डबा रीसेट झाला की पहिल्यांदा तेच लागतात. पुरवठादाराच्या डब्यामागे स्वतःचा चांगला राउटर लावायचा असेल तर पहिला डबा ‘ब्रिज’ पद्धतीवर टाकून घ्यावा. नाहीतर दोन्ही राउटर पत्ते वाटत बसतात आणि ऑनलाइन खेळ किंवा घरचे कॅमेरे बाहेरून पाहणे यांत अडचणी येतात.

आता जागा. तार मुख्य दरवाजाजवळून आत येते, म्हणून डबाही तिथेच, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे बसतो. तंत्रज्ञाच्या दृष्टीने ही जागा सोयीची आहे. पण शेवटच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट. अर्धे तरंग जिन्यात आणि शेजाऱ्यांकडे जातात. दहा-पंधरा मीटर जास्तीच्या तारेचे पैसे मोजावे लागले तरी डबा घराच्या मध्याकडे, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर, मोकळ्या जागी बसवून घेणे हा राउटरबाबतचा सर्वांत फायद्याचा खर्च आहे. महागडा डबा वाईट जागी ठेवण्यापेक्षा साधा डबा चांगल्या जागी बरा.

भिंतींचा स्वभाव वेगवेगळा असतो. प्लायवूडचे पार्टिशन तरंगांना जवळजवळ अडवत नाही. चार इंची विटांची भिंत थोडे खाते. आरसीसीचा खांब आणि स्लॅब त्यांतल्या सळयांमुळे बरेच अडवतात, म्हणून दुमजली घरात वरच्या मजल्यावर रेंज एकदम पडते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांच्या जाड जांभ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, आणि पाणी हे तरंग शोषून घेते. अशा घरात ओटीवरचा राउटर स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही यात नवल नाही. लोखंडी कपाट, फ्रिज, स्टीलच्या भांड्यांची मांडणी आणि मागे धातूचा मुलामा असलेला मोठा आरसा यांच्या आड तर रेंजची सावलीच पडते. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्याच्या दारातून निसटणारे अगदी थोडे तरंगही २.४ च्या वाय-फायमध्ये गोंधळ घालायला पुरतात.

दांड्यासारख्या अँटेनाबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. जिथे रेंज हवी त्या दिशेने दांडीचे टोक रोखले जाते, पण टोकाच्या दिशेने तरंग सर्वांत कमी जातात. ते दांडीच्या आजूबाजूने, मेदूवड्याच्या आकारात पसरतात. एकाच मजल्याच्या घरात दांड्या सरळ उभ्या ठेवाव्यात. वरच्या मजल्यासाठी एखादी आडवी करून पाहावी.

कोणती जागा बरी हे अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. मोबाइलवर सिग्नल मोजणारे फुकट अॅप घेऊन खोल्याखोल्यांतून फिरावे. उणे ५० डीबीएमच्या आसपास आकडा असेल तर उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो, उणे ८० च्या खाली नुसत्या कांड्या दिसतात आणि पान उघडत नाही. डबा दोन फूट सरकवल्यावर आकडा दहाने सुधारला, असे पुष्कळदा होते. दहा डीबीची सुधारणा म्हणजे दहापट शक्ती, एवढे लक्षात घेतले की ही खटपट किती मोलाची आहे ते कळते. भिंतीला भोक पाडण्याआधी हे मोजून घ्यावे.

बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झचे तरंग सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीचे असतात. भिंतींपलीकडे बऱ्यापैकी जातात, पण वेग कमी आणि गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झचे तरंग साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. वेग भरपूर, पण दोन भिंतींत दम संपतो. टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर, लांबचा कॅमेरा किंवा स्मार्ट बल्ब २.४ वर ही वाटणी सहसा बरोबर ठरते. २.४ मध्ये भारतात १ ते १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारे म्हणून १, ६ आणि ११ हेच वापरले जातात. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत वीस-पंचवीस जाळी सहज दिसतात. अशा ठिकाणी ‘रिकामे’ दिसते म्हणून चॅनेल ३ निवडणारा १ आणि ६ या दोन्हींवरच्या शेजाऱ्यांना त्रास देतो आणि स्वतःही त्रास ओढवून घेतो. एकाच चॅनेलवरची यंत्रे एकमेकांचे ऐकून आळीपाळीने बोलतात. अर्धवट सरकलेल्या चॅनेलवरून मात्र नुसता गोंगाट ऐकू येतो.

वेगाच्या तक्रारींत एक कारण वारंवार निघते. प्लॅन सेकंदाला २०० मेगाबिटचा, मोजला तर ९५ च्या आत अडकलेला. अशा वेळी डब्याचे पोर्ट जुन्या १०० मेगाबिटचे आहेत का, किंवा लॅन केबलीतल्या आठपैकी चारच तारा जोडल्या आहेत का, ते पाहावे.

घर मोठे असेल तर एक डबा पुरत नाही. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्यावरच पुढे सांगतो, म्हणून वेग साधारण निम्मा होतो. मेश संचात वेगळा रेडिओ असल्यास हे नुकसान कमी होते. तरी सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे: कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल भिंतीतून नेऊन दुसरा डबा तिच्यावर बसवणे. घराचे नूतनीकरण करताना इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक खोलीत एक रिकामी नळी टाकून घेतली तर पुढचा त्रास वाचतो.

सुरक्षिततेचा मुद्दा महाराष्ट्राने फार कटू अनुभवातून शिकला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत पोहोचले. तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाचे वाय-फाय असुरक्षित होते आणि दुसऱ्यानेच ते वापरले होते. पुढच्याच महिन्यात तशाच ई-मेलसाठी माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचे आणि सप्टेंबरमधल्या दिल्ली स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचे वाय-फाय वापरले गेले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी उघडी जाळी शोधण्याची मोहीम घेतली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत इंटरनेट पुरवठादारांना सूचना काढल्या. बाहेरच्या जगाला घरातल्या सगळ्या उपकरणांचा पत्ता एकच दिसतो आणि पोलीस पहिल्यांदा ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्याच दारात येतात.

जुने डब्ल्यूईपी कुलूप २००१ मध्येच फुटले होते. आज डब्ल्यूपीए३, आणि जुनी उपकरणे असल्यास डब्ल्यूपीए२ निवडावे. पासवर्ड म्हणून स्वतःचा दहा आकडी मोबाइल नंबर ठेवण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडलीच पाहिजे. ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडे म्हणजे ४०० कोटी शक्यता. डब्ल्यूपीए२ ची जोडणी होतानाचे संदेश हवेतून टिपून ठेवले, तर आजचे एक चांगले ग्राफिक्स कार्ड एवढ्या शक्यता काही तासांत तपासून संपवते. त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहावेत, कैरी-उंबरठा-सायकल-गोधडी या धर्तीवर. आजीच्याही लक्षात राहतात आणि फोडायला अवघड. डब्ल्यूपीएसचे आठ आकडी पिन बंद ठेवावे. राउटर ते दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी केवळ ११,००० प्रयत्न पुरतात, ही त्रुटी २०११ मध्ये उघड झाली.

वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि डब्याच्या आतल्या पानांचा, म्हणजे अॅडमिनचा, वेगळा. दुसरा बदलायचा बहुतेक घरांत राहूनच जातो. २०१६ मध्ये मिराय या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले; २१ ऑक्टोबरला त्यांच्या हल्ल्याने ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा कोलमडल्या. पाहुण्यांसाठी आणि स्वस्त स्मार्ट उपकरणांसाठी वेगळे ‘गेस्ट’ जाळे उघडून द्यावे, फर्मवेअरचे अपडेट आपोआप होऊ द्यावेत.

लोडशेडिंगच्या गावांत आणखी एक वस्तू लागते: बारा व्होल्टचा मिनी-यूपीएस. फायबरच्या वाटेत प्रकाश वाटणारा स्प्लिटर विजेवर चालत नाही, त्यामुळे पुरवठादाराकडे बॅटरी असेल तर घरात फक्त डब्याला वीज मिळाली तरी नेट चालू राहते. इमारतीच्या जिन्यातल्या स्विचवरून लॅन केबलने जोडणी असेल तर हा उपाय पुरत नाही, तिथली वीजही गेलेली असते. विकत घेताना अॅडॅप्टरवरचे व्होल्ट पाहून घ्यावेत. नऊ आणि बारा व्होल्टच्या पिना सारख्याच दिसतात.

पुरवठादार बदलताना जुना डबा परत करावा लागतो. त्याआधी मागच्या बारीक भोकात सुई घालून दिवे एकदम विझून पुन्हा लागेपर्यंत, साधारण दहा सेकंद, दाबून धरावी. त्याने घरचा वाय-फाय पासवर्ड आणि भरलेली खात्याची माहिती पुसली जाते.