मेंढ्याची गावसभा आणि अखेरचा निवाडा

21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) तुरुंगात इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना फाशी झाली. नागपूरचे राज्य खालसा होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. जंगलाचा अखेरचा निवाडा जंगलाबाहेर, साहेबाच्या आणि पुढे वनखात्याच्या कचेरीत होणार, हे त्या काळातच ठरून गेले. स्वातंत्र्यानंतरही त्यात फारसा फरक पडला नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने मात्र ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हटले आणि ते निभावले. माझ्या मते याचे श्रेय कायद्यापेक्षा गावाच्या निर्णयपद्धतीला अधिक आहे. तिथे बहुमत चालत नाही. अभ्यासगटात विषयाची उलटसुलट चर्चा होते, पण ठरते ते गावसभेतच आणि सर्वांच्या संमतीने. एकाचा जरी विरोध असला, तरी निर्णय पुढे ढकलतात. असा निर्णय फोडायला गावात कुणी फुटीर सापडत नाही. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी वनखाते बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात स्पष्ट नोंदवलेला असूनही! गाव हटले नाही. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्याचे पुस्तकच गावाच्या हाती दिले.

सर्वसहमतीत दुबळ्याचा आवाज दबतो, असा आक्षेप घेतला जातो. तो खोडून काढण्यासारखा नाही. जातपंचायतींच्या जाचापायीच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. पण जातपंचायतीत मूठभर पंच निकाल देतात, तर इथे बायाबापड्यांसह सारे गाव बसते. गप्प राहणे म्हणजे होकार, असे धरले जाण्याचा धोका तरीही उरतोच. म्हणून तर घाई न करण्याला एवढे मोल. देशात सर्वोच्च न्यायालय एकच असते, मग गावसभेचा शब्द अखेरचा कसा, हा दुसरा आक्षेप. खून-दरोड्याच्या बाबतीत तो निर्विवाद खरा आहे. पण आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने तंटे सोडवण्याची रूढ रीत जपण्यास ग्रामसभा सक्षम मानली आहे, आणि नियमगिरी डोंगरावरच्या नियोजित खाणीच्या खटल्यात 18 एप्रिल 2013 रोजी खुद्द सर्वोच्च न्यायालयाने डोंगरावरच्या हक्कांचा प्रश्न ओडिशातल्या ग्रामसभांकडे विचारार्थ पाठवला. त्याच वर्षी मेंढ्याने ग्रामदान स्वीकारून शेतजमिनीची मालकीही ग्रामसभेकडे सोपवायचे ठरवले.