गिरणी कामगाराचे कुलवृत्त

कुलवृत्तान्त म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वतने, सनदा आणि मूळ पुरुषापासून काढलेली वंशावळ उभी राहते. ज्या घरात यांपैकी काहीच नाही, त्या घराला इतिहासही नाही, असा आपला नकळत ग्रह झालेला असतो. तो किती पोकळ आहे हे पाहावयास पनवेलकरांनी दूर जाण्याचे कारण नाही. येथून जवळच असलेल्या कोन येथील २,४१७ घरांची सोडत २०१६ च्या डिसेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आणि त्यांच्या वारसांसाठी निघाली. त्या घरांच्या निमित्ताने हजारो कुटुंबांना आपले कुलवृत्त सरकारदरबारी मांडावे लागले.

अट अशी होती की, १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर तो मनुष्य गिरणीत कामावर असला पाहिजे. त्याच महिन्याच्या १८ तारखेला अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि पुष्कळांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. मग म्हातारीच्या ट्रंकेतून कागद बाहेर निघाले: तिकीट नंबर असलेला पास, कामगार विम्याचे कार्ड, फंडाची पावती, ग्रॅच्युइटीचा कागद. वतनदाराला सनद, तसा कामगाराला हा पास!

परंतु कागदांच्या आधीचा इतिहास मोठा आहे. कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५४ साली स्थापन होऊन १८५६ साली चालू झाली. तेव्हापासून कोकणचा माणूस मुंबईकडे निघाला. जमीन थोडी, पीक एका पावसाचे, आणि खाणारी तोंडे अनेक. १९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांतले जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्यातच होता. गाववाल्याच्या ओळखीने जॉबरपर्यंत पोहोचावे, बदलीवर काम मिळवावे, गावमंडळाच्या खोलीत वळकटी टाकावी, खाणावळीत जेवावे आणि उरेल ते मनीऑर्डरने धाडावे, असा त्याचा क्रम होता. भात लावणारी, सासू-सासऱ्यांचे करणारी त्याची बायको गावीच राहिली. तिच्या श्रमांवाचून त्या तुटपुंज्या पगारात घर चालते ना. काही स्त्रिया स्वतः गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यांत राबल्या. ही माणसे कोणत्या वंशावळीत बसवायची?

येथे परदेशातील एक उदाहरण आठवते. अमेरिकेतील लॉरेन्स या गिरण्यांच्या शहरात १९१२ साली मोठा संप झाला. त्यात लिथुएनियातून आलेले कामगारही होते. समुद्र ओलांडून आलेल्या अशा माणसाचे नाव, वय आणि ठावठिकाणा जहाजाच्या उतारूंच्या यादीत लिहिला जाई. आज त्यांचे वंशज त्या यादीवरून आपले घराणे शोधतात. आपला चाकरमानी मात्र आपल्याच मुलखात निघाला होता. परका नव्हता, म्हणून त्याचे येणे कोणी लिहून ठेवले नाही! त्याचा कागद बहुधा गिरणीच्या फाटकापाशी सुरू होतो. आणि तेथेही पुष्कळदा नुसते त्याचे व बापाचे नाव. आडनाव नाही, गाव नाही. पुढे शाळेच्या दाखल्यावर मुलाला आडनाव लागले, की बाप कोणता आणि मुलगा कोणाचा हे सिद्ध करण्याची पाळी त्याच मुलावर येते.

कार्यालयाला एक तारीख पुरते. घर द्यायचे तर कोठेतरी रेघ ओढावीच लागते. इतिहासाने मात्र त्या रेघेपाशी थांबू नये. आमची श्रोत्यांना एवढीच विनंती आहे की, ट्रंकेतले कागद घर मिळाले म्हणून टाकून देऊ नका. त्यांच्या पाठीशी एक वही ठेवा. आजोबांना कोणी मुंबईस आणले, पहिली खोली कोठे होती, गावी शेत कोणी राखले, संपात चूल कशी पेटली, हे सांगणारी माणसे आहेत तोवर लिहून घ्या.

बोटीनंतर एस. टी. आली, तेव्हा शिमग्या-गणपतीला गावी जाणारा चाकरमानी पनवेलवरून पुढे जाई. पनवेल त्याला वाटेवरचे गाव होते. आता त्याच्या नातवांची दारे येथे उघडू लागली आहेत. पनवेलचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बंदराच्या आणि वाड्यांच्या जोडीला हे प्रकरणही घातले पाहिजे, असे आम्हांस वाटते.