पाऊल कोणत्या मात्रेवर? साल्सा, केरवा आणि एका तालाचा प्रवास

१/९
वरणगावच्या वरातीत बँडवाले केरवा धरतात, तेव्हा मात्रा कुणी मोजत नाही. पाय आपसूक समेवर पडतात. साल्सा नाचणारे मात्र ‘एकवर की दोनवर’ या प्रश्नावर हिरिरीने वाद घालतात. क्षुल्लक वाटणाऱ्या या वादामागे स्थलांतराचा मोठा इतिहास आहे. त्यासाठी हा धागा.

२/९
आधी हिशेब. साल्साही केरव्यासारखाच आठ मात्रांत मोजतात. सर्वसाधारणपणे १-२-३ आणि ५-६-७ वर पावले, ४ आणि ८ वर विराम. यांतले एक पाऊल पुढे किंवा मागे जाऊन दिशा बदलते. ते कोणत्या मात्रेवर पडते, यावर शैली ओळखली जाते.

३/९
लॉस एंजेलिसच्या शैलीत ते १ आणि ५ वर पडते. केरव्याच्या भाषेत सांगायचे तर सम आणि खाली. न्यूयॉर्कच्या शैलीत ते २ आणि ६ वर येते. कोंगा या उभ्या ढोलावरील ठळक थाप दुसऱ्या मात्रेवर असते. न्यूयॉर्कचा नर्तक जणू तिलाच प्रतिसाद देतो.

४/९
या साऱ्याच्या मुळाशी आहे ‘क्लावे’: दोन लाकडी दांड्यांचे पाच आघात, एका अर्धात तीन, दुसऱ्या अर्धात दोन. ही लयदृष्टी क्युबात नेली ती गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी. तेथील गुलामगिरी संपली १८८६ मध्ये. आफ्रिकी ताल आणि स्पॅनिश तंतुवाद्ये यांच्या संगमातून पूर्व क्युबात ‘सोन’ हा गानप्रकार घडला.

५/९
हवानात १९५० च्या दशकात ‘कासिनो’ शैली रूढ झाली. तीत जोडीदार एकमेकांभोवती वर्तुळात फिरतात. त्याच काळात न्यूयॉर्कच्या पॅलेडियम नृत्यगृहात पोर्तो रिकन, क्युबन, कृष्णवर्णीय, ज्यू आणि इटालियन तरुण एकाच फरशीवर मांबो नाचत होते. न्यूयॉर्कची ‘दोनवर’ नाचण्याची परंपरा याच मांबोतून आली.

६/९
१९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘फानिया’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी स्थापन झाली आणि १९७० च्या दशकात ‘साल्सा’ हे नाव जगभर पोहोचले. पुढे एडी टोरेस यांनी ‘दोनवर’चे पद्धतशीर शिक्षण दिले; लॉस एंजेलिसची शैली १९९० च्या दशकात बहरली. म्हणजे नाव नवे, ताल जुना.

७/९
हा ताल मुंबईत ‘साल्सा’ या नावाआधीच पोहोचला होता. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांनी ‘समाधी’ (१९५०) चित्रपटातील ‘गोरे गोरे’ हे गीत ‘चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको’ या गाण्यावरून बांधले. ते गाणे त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या, लंडनमध्ये लॅटिन वाद्यवृंद चालवणाऱ्या एडमुंडो रॉस यांनी ध्वनिमुद्रित केले होते.

८/९
पुढच्याच वर्षी ‘अलबेला’ आला. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगोच्या तालावर डुलणारे भगवानदादा पालव हे गिरणी कामगाराचे पुत्र, त्यांच्या सोप्या पावलांनी सामान्य माणसाला नाचण्याचे धैर्य दिले. याच चित्रपटात ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या वादकांसह दिसतात. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातील हळदोणे.

९/९
म्हणून ‘अस्सल साल्सा कोणता’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. प्रत्येक मुक्कामी लोकांनी आपापल्या सवयीने पाऊल ठेवले आणि तीच शैली झाली. विचारायचेच असेल तर हे विचारावे: ताल पुढे नेणाऱ्यांची नावे कुठे गेली? संगीतकार आणि नायक आपल्या स्मरणात राहिले. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक क्वचितच आठवतो, आणि क्युबातील मळ्यांवर राबलेल्यांची तर नावेही उरली नाहीत. पुढच्या वरातीत केरवा ऐकाल तेव्हा एकदा दुसऱ्या मात्रेवर पाऊल टाकून पाहा. तोल क्षणभर जाईल. त्या क्षणी ते आठवावेत.